बायबलमधला ४० : कुठे अर्थ, कुठे नुसती मोजणी

प्रश्न एकाच वाचकाचे आहेत, पण तीन आहेत. बायबलमध्ये ४० हा आकडा सारखा का येतो? ‘चाळीस म्हणजे परीक्षा’ हे व्हॉट्सॲपवर फिरणारं सूत्र खरं का? आणि त्यांच्या मंडळीतल्या प्रार्थना गटाने ४० दिवसांचा उपवास धरायचं ठरवलंय, त्यांना स्वतःला मधुमेह आहे, तर त्यांनी तो धरावा का?

तिसऱ्याचं उत्तर घाईचं आहे म्हणून आधी देतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तपशील शेवटी सांगतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कळली की तिसऱ्याचा ताण बराच कमी होईल असं मला वाटतं.

मी बरीच वर्षं मराठीतून शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतोय आणि आकड्यांचा विषय निघाला नाही असा वर्ग आठवत नाही. सात, बारा, ६६६ आणि चाळीस. यातल्या चाळिसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या आकड्याला स्वतःचा असा दडलेला अर्थ नाही. प्राचीन इस्राएलात तो ‘बराच काळ’, ‘एक पिढी’ अशा अर्थाने सर्रास वापरला जाणारा मोघम आकडा होता. पुढे एका घटनेमुळे त्याला अर्थ चिकटला आणि नंतरच्या लेखकांनी त्या घटनेची आठवण करून द्यायला तो जाणूनबुजून वापरला. त्यामुळे चाळीस दिसला की विचारायचं ते एवढंच: लेखक इथे त्या घटनेकडे बोट दाखवतोय, की नुसता हिशेब सांगतोय?

आधी नुसते हिशेब बघू, म्हणजे ते बाजूला काढता येतील. निर्गम २६:१९ मध्ये (म्हणजे निर्गम या पुस्तकाचा २६ वा अध्याय, १९ वी ओवी) निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, वीस फळ्यांखाली चांदीच्या ४० बैठका सांगितल्या आहेत. का? तर एका फळीला दोन. संपलं. शास्ते १२:१४ मध्ये अब्दोन नावाच्या शास्त्याला (शास्ते म्हणजे राजे येण्याआधीचे इस्राएलचे पुढारी) ४० मुलगे आणि ३० नातू होते आणि ते ७० गाढवांवर बसून फिरत. या वाक्यात घराण्याची श्रीमंती आहे, परीक्षा कुणाचीच नाही (गाढवांची असेल तर असेल). प्रेषितांची कृत्ये २३:१३ मध्ये पौलाला ठार मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ वाहिलेले ४० हून जास्त लोक आहेत. ‘चाळीस म्हणजे परीक्षा’ हे सूत्र या तीन ठिकाणी लावून पाहा, लगेच हसू येईल.

मग येतात मोघम चाळीस. शास्ते या पुस्तकात देशाला मिळालेल्या स्वस्थतेची वर्षं बघा: अथनिएलाच्या वेळी ४०, दबोरेच्या विजयानंतर ४०, गिदोनाच्या काळात ४०, आणि एहूदानंतर ८०, म्हणजे दोनदा चाळीस. १३ व्या अध्यायात पलिष्ट्यांचा जाच, तोही ४० वर्षांचा. एली ४० वर्षं न्याय करतो, शलमोन ४० वर्षं राज्य करतो. इतिहास इतका ठरावीक मापात कधी घडत नाही. ‘एक पिढी स्वस्थतेत गेली’ असं सांगायची ही त्यांची रीत आहे. १ राजे ६:१ मध्ये इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाल्यापासून मंदिराच्या पायाभरणीपर्यंत ४८० वर्षं सांगितली आहेत, म्हणजे बारा वेळा चाळीस. याच ओवीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ४४० आहेत, म्हणजे अकरा वेळा चाळीस. आकडा बदलला तरी पिढ्यांचं माप तेच राहिलं.

याचा बाहेरचा पुरावाही आहे आणि तो इस्राएलच्या शत्रूच्या हातचा आहे. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथे मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हा काळा दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा सांगतो की इस्राएलचा राजा अम्री याने मेदबाचा प्रदेश घेतला आणि तो तिथे स्वतःच्या आयुष्यभर आणि मुलाच्या निम्म्या काळापर्यंत राहिला, ४० वर्षं. आता राजे या पुस्तकातली वर्षं धरा: अम्रीची १२, त्याचा मुलगा अहाब याची २२, त्यातली निम्मी ११. बेरीज होते २३. चाळीस कुठून आले? मेशा खोटं बोलत नव्हता. ‘आमची एक अख्खी पिढी त्यांच्या टाचेखाली गेली’ असं म्हणत होता. हाच मेशा आणि त्याचं बंड २ राजे ३ मध्ये इस्राएलच्या बाजूने सांगितलेलं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लेखकांना ४० ही एकच भाषा कळत होती.

पण म्हणून प्रत्येक चाळीस मोघमच, असंही नाही. दाविदाचं राज्य बघा. २ शमुवेल ५ मध्ये त्याची फोड करून दिली आहे: हेब्रोनात साडेसात वर्षं, यरुशलेमात ३३. फोड दिली की तो आकडा मोजून लिहिलेला असण्याची शक्यता वाढते. उलट त्याच पुस्तकाच्या १५:७ मध्ये हिब्रू पाठात अबशालोम ‘४० वर्षांनी’ राजाकडे परवानगी मागायला येतो. बापाचं सगळं राज्यच ४० वर्षांचं आणि मुलगा ४० वर्षं बंडाची तयारी करतोय, हे कसं जमायचं? प्राचीन सिरियाक भाषांतरात तिथे ‘चार’ आहे आणि आजची बहुतेक भाषांतरं तेच घेतात. म्हणजे नकलकाराच्या हातून झालेली चूक. अशा ठिकाणी गूढार्थ काढून उपदेश केला तर तो उपदेश नकलकाराच्या चुकीवर उभा राहतो.

आता मूळ घटनेकडे येतो. ती गणना १३ आणि १४ मध्ये आहे आणि माझ्या मते चाळिसाचं सगळं कोडं तिथेच सुटतं.

मिसरातून सुटलेले लोक देवाने देऊ केलेल्या कनान देशाच्या दाराशी, कादेशपर्यंत पोहोचले आहेत. त्यांचा पुढारी मोशे बारा हेर पाठवतो. ते ४० दिवस देश फिरून येतात, दोघांनी काठीवर वाहून आणावा लागला असा द्राक्षांचा एक घड घेऊन येतात, आणि दहा जण म्हणतात, देश चांगला आहे पण तिथले लोक राक्षसासारखे धिप्पाड आहेत, आपल्याच्याने होणार नाही. लोक रात्रभर रडतात, दुसरा पुढारी नेमून मिसरात परत जाण्याच्या गोष्टी करतात. तेव्हा परमेश्वराचा निकाल येतो (१४:३४): देश पाहायला लागलेल्या दिवसांइतकी वर्षं, दिवसाला एक वर्ष, अशी ४० वर्षं तुम्ही रानात भटकाल.

या निकालामागचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. १४:२९ म्हणतं, वीस वर्षांचे आणि त्यावरचे जे मोजले गेले ते सगळे या रानात पडतील. म्हणजे निकालाच्या दिवशी जो सगळ्यात तरुण दोषी होता तो वीस वर्षांचा. ४० वर्षांनी तो साठ वर्षांचा होणार. आता लेवीय २७:३ काढा. तिथे नवस फेडताना माणसाचं मोल ठरवायचं कोष्टक आहे, आणि पुरुषाचं सर्वात जास्त मोल वीस ते साठ या वयाला आहे. म्हणजे माणसाचा कर्तेपणाचा काळ वीस ते साठ, बरोबर चाळीस वर्षं. त्यामुळे ही शिक्षा ‘खूप वर्षं भटका’ अशी मोघम राहत नाही. जी पिढी कर्ती म्हणून त्या दिवशी उभी होती तिचा कर्तेपणा पुरता संपेपर्यंत थांबायचं, असा तिचा अर्थ होतो. अपवाद दोघांचा, यहोशवा आणि कालेब. कालेब यहोशवा १४ मध्ये स्वतःच सांगतो की हेर म्हणून गेलो तेव्हा मी ४० वर्षांचा होतो आणि आज ८५ वर्षांचा आहे, अंगात तेवढंच बळ आहे, मला तो डोंगरी मुलूख द्या. म्हाताऱ्याची ही मागणी मला फार आवडते.

या घटनेचा जाच आणखी दोन ओव्यांमधून कळतो. अनुवाद या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला (१:२) एक रुक्ष वाक्य आहे: होरेबपासून (सीनाय पर्वताचंच दुसरं नाव) कादेश-बर्ण्यापर्यंत सेईर डोंगराच्या वाटेने अकरा दिवसांची मजल आहे. पुढच्याच ओवीत तारीख येते: चाळिसावं वर्ष, अकरावा महिना, पहिला दिवस. लेखक काही टिप्पणी करत नाही. अकरा दिवसांच्या शेजारी चाळिसावं वर्ष मांडून गप्प बसतो. दुसरी गोष्ट गणना १४ च्या शेवटी आहे. निकाल ऐकून लोक पस्तावतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून म्हणतात, चला, आम्ही तयार आहोत, आत्ता चढाई करतो. मोशे नको म्हणतो तरी जातात आणि हर्मापर्यंत मार खात परततात. ती वर्षं उत्साहाने कमी करता येत नव्हती. हा भाग ‘४० दिवसांत चमत्कार’ सांगणाऱ्या उपदेशांत सहसा वाचला जात नाही.

मग चाळीस म्हणजे शिक्षा का? तेही अर्धंच. त्याच ४० वर्षांबद्दल स्तोत्र ९५ म्हणतं की देवाला त्या पिढीचा वीट आला. नहेम्या ९:२१ म्हणतं की ४० वर्षं तू रानात त्यांचं पालनपोषण केलंस, त्यांना काही उणं पडलं नाही, कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. अनुवाद ८ दोन्ही एकत्र आणतं: तुला नमवावं, तुझी पारख करावी, तुझ्या मनात काय आहे ते पाहावं म्हणून ही ४० वर्षं, आणि याच वर्षांत मान्नाही. रोज सकाळी मिळणारं, साठवलं तर किडणारं अन्न. निर्गम १६:३५ सांगतं की मान्ना त्यांनी चाळीस वर्षं खाल्ला, आणि यहोशवा ५:१२ सांगतं की कनानचं पीक खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी तो थांबला. व्हॉट्सॲपचं सूत्र ‘परीक्षा’ एवढा एकच शब्द उचलतं आणि मान्ना तिथेच टाकून देतं. माझं खरं भांडण त्याच्याशी हे आहे.

डोंगरावरचे चाळीस दिवस हा दुसरा धागा. मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस आणि ४० रात्री राहतो (निर्गम २४:१८). आपण नेहमी वर मोशेकडे बघतो. खाली काय चाललंय ते बघा. निर्गम ३२ ची सुरुवातच अशी आहे की मोशे उतरायला उशीर लावतोय हे लोकांनी पाहिलं, आणि पूजेसाठी सोन्याचं वासरू घडलं. म्हणजे एकाच ४० दिवसांत वर आज्ञांच्या पाट्या लिहून होतायत आणि खाली त्या मोडायची तयारी चाललीय. त्यानंतर पुन्हा ४० दिवस, अन्नपाण्याशिवाय, आणि अनुवाद ९ प्रमाणे या वेळी मोशे लोकांसाठी रदबदली करत पालथा पडून आहे. नियमशास्त्र दुसऱ्यांदा मिळतं ते या दुसऱ्या चाळिसात.

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत (१ राजे १९) लेखक या मोशेकडे सरळ बोट दाखवतो. ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून एलीया बैर-शेब्याला पळतो, आणखी एक दिवस रानात जातो, झुडपाखाली बसून मरण मागतो. दूत त्याला भाकर आणि पाणी देतो आणि त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस ४० रात्री चालून देवाचा डोंगर होरेब इथे पोहोचतो. होरेब नक्की कुठला यावर वाद आहे, पण परंपरेने मानला जाणारा सीनाय द्वीपकल्पातला जेबेल मूसा धरला तर बैर-शेब्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. ४० दिवसांनी भागा: दिवसाला सात-आठ किलोमीटर. जीव घेऊन पळणारा माणूस इतकं हळू चालत नाही. लेखकाला प्रवासाचं वेळापत्रक द्यायचंच नाहीये. पुढची खूण बघा. मोशेला देवाने खडकाच्या कपारीत ठेवलं होतं आणि देव समोरून गेला होता. एलीयाही त्या डोंगरावर गुहेत आहे आणि देव समोरून जातो. डोंगर तोच, उपास तेवढाच, देवाचं जाणंही तसंच. इतक्या खुणा जुळल्या की चाळीस हा मोघम आकडा उरत नाही.

आता येशूचा प्रसंग. इथे थोडा थांबतो, कारण चाळिसाचा अर्थ कसा वाचावा याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. मत्तय ४ उघडून ठेवा आणि शेजारी अनुवाद ६ ते ८.

येशू यार्देनेतून, म्हणजे पाण्यातून, वर येतो. ‘हा माझा पुत्र’ अशी वाणी होते. लगेच अरण्य, ४० दिवस ४० रात्री उपास, मग भूक. इस्राएलही समुद्रातून पार होऊन आला होता, त्यालाही निर्गम ४:२२ मध्ये देवाने आपला पुत्र म्हटलं होतं, आणि तोही पाण्यातून निघून रानात गेला होता. सैतानाचा पहिला प्रस्ताव: धोंड्यांच्या भाकरी कर. येशूचं उत्तर अनुवाद ८:३ मधून येतं, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. ती ओवी मूळची मान्नाविषयीच आहे, निर्गम १६ मध्ये भुकेने कुरकुरणाऱ्या लोकांना मिळालेल्या अन्नाविषयी. दुसरा प्रस्ताव: मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देव सांभाळेल. उत्तर अनुवाद ६:१६, आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. त्या ओवीत मस्साचं नाव घेऊनच आठवण दिली आहे, आणि मस्सा म्हणजे निर्गम १७, जिथे पाणी नाही म्हणून लोकांनी ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही’ असं विचारलं. तिसरा प्रस्ताव: मला नमन कर, सगळी राज्यं देतो. उत्तर अनुवाद ६:१३, देवालाच भज. आणि रानात लोक भलत्यापुढे नमले ते निर्गम ३२ मध्ये, वासरापुढे.

भूक, मस्सा, वासरू. निर्गमात १६, १७, ३२ या क्रमाने. मत्तयाच्या परीक्षाही त्याच क्रमाने. लूक दुसरी आणि तिसरी अदलाबदल करतो, कारण त्याचं सगळं शुभवर्तमान यरुशलेमाकडे झुकलेलं आहे आणि त्याला शेवटची परीक्षा मंदिरावर हवी आहे. मार्क तर दोन ओव्यांत आटपतो: ४० दिवस, सैतान, वनपशू, देवदूत. उपासाचा उल्लेखही नाही.

तीन उत्तरं, तिन्ही अनुवाद ६ ते ८ मधून, आणि ते अध्याय म्हणजे ४० वर्षांचा हिशेब. अख्ख्या शास्त्रातून कुठूनही ओव्या घेता आल्या असत्या. मत्तय सांगतोय की इस्राएल जिथे जिथे अडखळला तिथे तिथे हा एकटा माणूस उभा राहिला. इथले ४० दिवस त्या ४० वर्षांची आठवण आहेत, दिवसाला एक वर्ष, फक्त उलट बाजूने.

बाकीचे चाळीस पटकन. नोहाच्या वेळी पाऊस ४० दिवस पडतो, पण त्याच गोष्टीत महिने आणि तारखाही दिलेल्या आहेत आणि जलप्रलयाचा सगळा काळ वर्षाहून थोडा जास्त भरतो. तिथला ४० मला तरी मोघमच वाटतो. पलिष्ट्यांचा योद्धा गल्याथ ४० दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन ललकारतो, तिथे ‘पुरे झालं’ एवढाच भाव आहे. योना निनवेला ४० दिवसांची मुदत देतो (ग्रीक भाषांतरात तीन दिवस), आणि मुदत भरण्याआधीच लोक पश्चात्ताप करतात, देव अरिष्ट आणत नाही, योना चिडतो. यहेज्केल ४:६ मध्ये संदेष्टा यहूदाच्या पापासाठी ४० दिवस उजव्या कुशीवर निजतो, आणि तिथे ‘दिवसाला एक वर्ष’ असं स्पष्ट लिहून कादेशची आठवण दिली आहे. म्हणजे इथे शंकाच नाही.

फटक्यांचा नियम मात्र वेगळा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. अनुवाद २५:३ म्हणतं, अपराध्याला ४० फटक्यांहून जास्त मारू नये, नाहीतर तुझा भाऊ तुझ्या नजरेत तुच्छ ठरेल. म्हणजे शिक्षेलाही कुंपण. मोजायला चूक होऊन नियम मोडू नये म्हणून यहुदी परंपरेने एक कमी केला, आणि पौल २ करिंथ ११:२४ मध्ये सांगतो की पाच वेळा त्याने ‘एक कमी चाळीस’ खाल्ले.

लेवीय १२ मध्ये मुलगा झालेल्या बाळंतिणीचे ७ आणि ३३ मिळून ४० दिवस होतात. हे आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखं वाटतं म्हणून वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतंच की हे तिकडून इकडे आलं का. दोन्हीकडे बाळंतपणानंतर अंग सावरायला लागणारा वेळ सारखाच असतो, मला त्यापलीकडे नातं जोडण्याची गरज दिसत नाही. लूक २ मध्ये मरिया आणि योसेफ येशूला घेऊन मंदिरात जातात ते या दिवसांनंतर, म्हणून २५ डिसेंबर पहिला धरून चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, कॅथलिक मंडळी तो सण पाळते.

सूत्राच्या नादाने काय होतं याचं एक मोठं उदाहरण फार जुनं नाही. मत्तय २४:३४ मध्ये ‘ही पिढी’ असे शब्द आहेत. काही प्रचारकांनी गणित मांडलं: बायबलची पिढी ४० वर्षांची, इस्राएल राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झालं, म्हणून १९८८ पर्यंत प्रभूचं येणं. १९८८ आलं आणि गेलं. मग पिढी ७० किंवा ८० वर्षांची असते, कारण स्तोत्र ९०:१० मध्ये माणसाचं आयुष्य तेवढं सांगितलंय, असं म्हणून तारीख पुढे सरकली. त्याच मत्तय २४ मध्ये दोनच ओव्या पुढे लिहिलंय की तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. ही ओवी वाचायला गणित लागत नाही.

आता उपवास. संपूर्ण बायबलमध्ये कुणालाही ४० दिवस उपास करण्याची आज्ञा नाही. मोशे, एलीया, येशू या तिघांचे चाळीस दिवस त्यांच्या वाट्याला आलेले आहेत, इतरांनी करावेत म्हणून सांगितलेले नाहीत. नियमशास्त्राने वर्षातून ठरवून दिलेला उपास एका दिवसाचा, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. एस्तेरचा उपास तीन दिवसांचा. दानीएल १० मध्ये तीन आठवडे आहेत, पण तिथे त्याने फक्त रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता. मोशेने तर ४० दिवस पाणीही घेतलं नाही असं लिहिलंय. मानवी शरीर पाण्याविना काही दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे तो मजकूर कुणी नक्कल करावी म्हणून लिहिलेला नाही हे उघड आहे.

चर्चनेही ४० दिवस पाळले ते उपाशी राहून नाही. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेच्या नियमांत पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या (ईस्टरआधीच्या) या काळाचा उल्लेख आहे. आज हा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०, कारण रविवार हा उत्सवाचा दिवस, त्या दिवशी उपास मोडायचा. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांतला उपवासकाळ पाहिलात तर तिथे मासमच्छी कमी होते, लग्नं टळतात, क्रूसाची वाट ही भक्ती होते, राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी दिवसातून एकदाच पोटभर जेवण. गोव्याचा कार्निव्हल या काळाच्या आधी येतो तोही याच कारणाने, मग चाळीस दिवस गप्प बसायचं असतं.

तेव्हा तुमच्या गटात तुम्ही असं सांगा. मधुमेह असताना, त्यातही इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर उपास तिथेच मोडायचा, साखर किंवा गोड सरबत घ्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करायची नाही. उपासात सामील व्हायचंच असेल तर दानीएलासारखं एखादा पदार्थ सोडा, वाचलेले पैसे कुणाच्या तरी घरी किराणा भरायला द्या, आणि रोज अनुवाद ६ ते ८ मधला थोडा भाग वाचा. तीन अध्यायांत मिळून सत्तरवर थोड्या ओव्या आहेत, रोज दोन घेतल्या तर चाळीस दिवसांच्या आत आरामात वाचून होतात. गटप्रमुखांनी ‘विश्वास कमी पडतोय’ असं म्हटलंच, तर त्यांना अनुवाद ६:१६ काढून वाचायला द्या.